पहिला मासा

"ए मामा, सीलला खोकला होतो का?"

हा प्रश्न माझ्या पुण्याच्या भाच्याचा. वय वर्षं आठ. त्याला मी इथल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या सीलचे फोटो पाठवतो आणि तो मला प्रश्न पाठवतो. आमचा व्यवहार साधारण असा चालतो. मी म्हटलं, होतो. लगेच पुढचा प्रश्न, "मग त्यांना सिरप देतात का?"

आता याला काय सांगायचं? खरं सांगायचं तर औषध देतात, पण ते देताना डॉक्टरच जास्त घाबरलेले असतात. का, ते सांगायला हा शनिवार खर्ची घालतोय. भाच्याला एवढं मोठं उत्तर झेपणार नाही, तेव्हा ते तुमच्या माथी मारतो. (जेवत असाल तर आधी जेवून घ्या. पुढे जंत आहेत.)

सुरुवात श्वासापासून करू. सील, सी लायन, डॉल्फिन हे सगळे सस्तन प्राणी. घर पाण्यात, पण हवा आपलीच. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एलिफंट सीलचं उदाहरण घ्या. हा प्राणी समुद्रात असला की महिनोन्‌महिने बुड्या मारत असतो. एकेक बुडी वीस-तीस मिनिटांची. खोली नेहमीची म्हणाल तर पाचशे-सहाशे मीटर, आणि दीड हजार मीटरच्याही खालच्या नोंदी आहेत. मग वर यायचं, दोन-तीन मिनिटं श्वास घ्यायचा आणि पुन्हा खाली. गंमत म्हणजे बुडी मारण्याआधी तो हवा सोडून देतो. खोलवर गेल्यावर दाबाने फुप्फुसं मिटतात. लागणारा प्राणवायू रक्तात आणि स्नायूंत साठवलेला असतो. म्हणजे फुप्फुसाचं जवळजवळ सगळं काम त्या दोन-तीन मिनिटांत उरकायचं. आमच्या धंद्यात मध्यरात्री दोन तासांची 'मेन्टेनन्स विंडो' मिळते आणि त्यात सगळं बसवावं लागतं, तसंच. फक्त इथे विंडो चुकली तर रात्री फोन येत नाही, जीव जातो.

आणि याच फुप्फुसांच्या नळ्यांत बोटभर लांबीचे जंत राहू शकतात.

जंत म्हटलं की आपल्याला पोट आठवतं. आमच्या घरी तर पोराने दात खाल्ले, नीट जेवलं नाही, अभ्यासात लक्ष नाही, या सगळ्याला आईचं एकच निदान: "जंत झालेत मेल्याला." वर्षातून एकदा गोळी ठरलेली. (आता तर सरकारच देतं. २०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिवस असतो आणि शाळाशाळांतून अल्बेन्डाझोल वाटतात.) पण आपल्या पोटातल्या त्या मोठ्या गोल जंताचाही फुप्फुसाशी संबंध असतो हे मला अगदी अलीकडे कळलं. त्याचं अंडं पोटात जातं, त्यातून अळी निघते, ती आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून श्वासनलिकेतून वर घशाशी येते, आणि आपण ती गिळतो. मग ती परत आतड्यात येऊन सुखाने मोठी होते. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, देव जाणे. पण मुद्दा असा की आपला जंत फुप्फुसातून नुसता जातो. सीलचा जंत तिथेच मुक्काम करतो.

सीलमधल्या एका मोठ्या जंताचं नाव ओटोस्ट्रॉंजिलस सर्कमलिटस. (नावावर जाऊ नका, मीही तीनदा वाचलं.) फुप्फुसात मोठा झाला की मादी पिल्लं सोडते, म्हणजे सूक्ष्म अळ्या. सील खोकतो. खोकल्याबरोबर अळ्या वर घशात येतात, गिळल्या जातात आणि विष्ठेतून समुद्रात पडतात. तिथून त्या माशाच्या अंगात शिरतात. मासा सीलच्या पोटात गेला की अळी रक्तातून हृदयाच्या उजव्या कप्प्यात, तिथून फुप्फुसाच्या धमनीत, आणि मग घरी. तेव्हा भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे, की सीलला खोकला होतो, आणि तो खोकला जंताच्याच कामाचा असतो.

सी लायनच्या जंताची गोष्ट याहून बेरकी आहे. तो केसासारखा बारीक, पॅराफिलॅरॉइडिस डेकोरस नावाचा. कॅलिफोर्नियाच्या खडकाळ किनाऱ्यावर ओपलआय नावाचा एक मासा असतो. त्याला सी लायनची विष्ठा खायची सवय. सी लायनच्या पिल्लांना ओपलआय खायची सवय. झालं, वर्तुळ पूर्ण. मरे डेली नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० साली हे चक्र उलगडून दाखवलं. प्रत्येक जण आपापलं जेवण जेवतोय, कुणाच्या मनात काही वाईट नाही, आणि मध्येच हा प्रवासी फुकट हिंडतोय.

हे जंत समुद्रात आले कुठून, हेही गमतीशीर आहे. सीलचे पूर्वज जमिनीवरचे मांसाहारी प्राणी. अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी ते पाण्यात उतरले. कोल्ह्याच्या फुप्फुसात आजही या जंतांचे भाऊबंद राहतात, आणि ते गोगलगायीतून येतात. तेव्हा शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की सीलच्या पूर्वजांनी जमीन सोडली तेव्हा हे त्यांच्याबरोबरच आले असावेत. गोगलगाय गेली, तिच्या जागी मासा आला, बाकी सगळं तसंच. आम्ही नव्या प्लॅटफॉर्मवर सगळं हलवतो तेव्हा जुने बगही असेच इमानदारीने बरोबर येतात :)

असो. मला खरं सांगायचंय ते पिल्लांबद्दल.

इथे बे एरियात राहणाऱ्या बहुतेक मराठी मंडळींनी आन्यो नुएवो पाहिलेलं असतं. आईवडील भारतातून आले की गोल्डन गेट, युनिव्हर्सिटीचा कॅम्पस, देऊळ, आणि हिवाळा असेल तर हे. हायवे १ वरचं स्टेट पार्क, तिथे डिसेंबर ते मार्च एलिफंट सीलची वसाहत भरलेली असते. मी फेब्रुवारीत आईला घेऊन गेलो होतो. गाइड सांगत होती आणि मी आईला मराठीत सांगत होतो. पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण पस्तीस किलोचं. आई चार आठवडे दूध पाजते. दुधात निम्म्याहून जास्त चरबी असू शकते. त्या काळात ती स्वतः एक घासही खात नाही. पिल्लू तिपटी-चौपटीने वाढतं. आणि मग एक दिवस आई समुद्रात निघून जाते. परत येत नाही.

"म्हणजे शिकवत नाही काहीच?" आईने विचारलं.

काहीच नाही. पोहायला नाही, मासा पकडायला नाही. पिल्लं दोन-अडीच महिने उपाशी किनाऱ्यावर पडून राहतात, अंगावरच्या चरबीवर जगतात, उथळ पाण्यात डुंबून स्वतःच पोहायला शिकतात. मग एप्रिल-मेच्या सुमाराला एकेक करून समुद्रात जातात. साधारण निम्मी वर्षभरात मरतात.

आई बराच वेळ त्या वाळूतल्या गुबगुबीत पिल्लांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि आम्ही तुला डब्यात चिवडा बांधून दिला होता." मला हसू आलं, पण खरं म्हणजे हसण्यासारखं त्यात फार नव्हतं. बाविसाव्या वर्षी मी घर सोडलं तेव्हाचा तो चिवडा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या बॅगेतही तो गेला असेल.

तर असं ते पिल्लू पाण्यात जातं आणि एक दिवस पहिला मासा पकडतं. आईने सोडून दिल्यावर स्वतःच्या कष्टाने मिळवलेलं पहिलं जेवण. दुधातून हा जंत येत नाही. तो येतो या माशांतून. पिल्लू स्वतःच्या पायावर (म्हणजे वल्ह्यांवर) उभं राहतं त्या क्षणापासून त्याला धोका सुरू होतो, त्याआधी नाही. उत्तर समुद्रातल्या पॉर्पॉइजमध्येही हेच दिसतं. दूध पिणाऱ्या पिल्लांची फुप्फुसं सहसा स्वच्छ, आणि मासे खायला लागली की जंत.

इथे वाटेल की मग दूध सुटूच नये, आईजवळ सगळं सुरक्षित. तसंही नाही. बॉटलनोज डॉल्फिनमध्ये हॅलोसर्कस नावाचा फुप्फुसातला जंत असतो. तो नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांतही सापडलाय, इतक्या लहान की मासा खाण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे तो आईच्या पोटातच, नाळेतून आला. कुणाला वारशाने मिळतो, कुणाला स्वकमाईतून. जंताला दोन्ही वाटा माहीत आहेत.

आता या गोष्टीतला सगळ्यात विचित्र भाग. ओटोस्ट्रॉंजिलस हार्बर सीलमध्येही होतो आणि एलिफंट सीलमध्येही. जंत तोच. हार्बर सीलमध्ये तो नळीत मोठा होतो, अळ्या सोडतो, सील आजारी पडतो, कधी मरतो, कधी तसाच जगतो. एलिफंट सीलच्या पिल्लांत मात्र तो वयात यायच्या आतच सगळं संपतं. अळ्या धमनीत पोचतात आणि शरीर इतक्या जोरात प्रतिकार करतं की रक्तवाहिन्या सुजतात, सगळ्या अंगभर रक्ताच्या बारीक गुठळ्या होऊ लागतात. गोठायचं सामानच संपतं आणि मग रक्तस्राव. पिल्लू मरतं. त्याच्याबरोबर जंतही मरतो, एकही अळी बाहेर न सोडता. म्हणजे यात जंताचाही काही फायदा नाही. ज्या घरात तो शिरला ते घर त्याच्यासाठी नव्हतंच. दोघांनाही एकमेकांशी कसं वागायचं ते माहीत नाही, आणि त्यात दोघंही जातात.

आणि म्हणूनच हे ओळखणं अवघड. जंत तपासायची नेहमीची पद्धत म्हणजे विष्ठेत अळ्या आहेत का ते मायक्रोस्कोपखाली बघायचं. पण जंत वयातच आला नाही तर अळ्या येणार कुठून? तपासणी स्वच्छ. पिल्लू मरतंय आणि रिपोर्ट निर्मळ. आमच्याकडे सगळे टेस्ट केस हिरवे असताना सर्व्हर झोपतो तेव्हा जो सन्नाटा पसरतो, तो मला इथे आठवला. १९९७ साली फ्रान्सिस गलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार नीट मांडला. गलँड तेव्हा सॉसलिटोजवळच्या मरीन मॅमल सेंटरमध्ये पशुवैद्य होत्या. हे सेंटर १९७५ साली सुरू झालं, तेही लष्कराच्या जुन्या क्षेपणास्त्र तळाच्या जागेवर. शीतयुद्धात जिथे क्षेपणास्त्रं उभी असायची तिथे आता आजारी सील हौदांत पडून ओरडत असतात. जागेचं भाग्य म्हणतात ते हेच.

आता सिरपचा प्रश्न. औषधं आहेत. फेनबेन्डाझोल, आयव्हरमेक्टिन. पहिलं तर आपल्या शाळेतल्या गोळीच्याच घराण्यातलं. जंत मारणं हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे मेलेल्या जंताचं काय करायचं हा. आतड्यातला जंत मेला तर बाहेर पडतो. फुप्फुसातला, धमनीतला कुठे जाणार? तो तिथेच कुजतो, नळी तुंबते, आणि शरीर त्या प्रेतावर तुटून पडतं. आधीच सुजलेलं फुप्फुस आणखी सुजतं. म्हणून डॉक्टर आधी सूज उतरवायला स्टेरॉइड देतात, जंतुसंसर्गासाठी अँटिबायोटिक सुरू करतात, आणि मगच जपून जंताला हात लावतात. जिवंत जंतापेक्षा मेलेला जंत वाईट! एका दमात साफसफाई केली तर जंतांबरोबर पेशंटही जायचा.

माझी एक कलीग आहे, मूळची नागपूरची. ती आठवड्यातून एक दिवस तिथे स्वयंसेवक म्हणून जाते. हौद धुते, मासे मोजते, ज्या पिल्लांना गिळता येत नाही त्यांना नळीने माशांची लापशी पाजते. सोमवारी तिच्या जॅकेटला वास येतो, पण तिला कुणी काही बोलत नाही. एकदा ती अख्खा दिवस गप्प होती. लंचला म्हणाली, "अरे, शुक्रवारी आणलेलं पिल्लू रविवारी गेलं. जंतच."

मी माझा इंजिनियरी प्रश्न विचारला. एलिफंट सील आता दोन लाखांच्या वर आहेत. दर वर्षी हजारो पिल्लं मरतात, आणि ती मरायचीच. जंत हाही निसर्गच. मग एका पिल्लाला वाचवून फरक काय पडतो?

ती चिडली नाही. हा प्रश्न तिला नवा नसावा. म्हणाली, "संख्येत काहीच फरक पडत नाही. पण मेलं तरी आम्ही त्याला उघडून बघतो ना. समुद्रात मेलं असतं तर कुणाला काय कळलं असतं?"

मी घरी जाऊन वाचलं. १९९८ च्या मे-जूनमध्ये मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर चारशेहून जास्त सी लायन मेले. झटके येत होते, माना वेड्यावाकड्या फिरत होत्या. शोध घेतल्यावर कळलं की एका सूक्ष्म शैवालाचं विष, डोमोइक ॲसिड, अँचोव्ही माशांतून त्यांच्या पोटात गेलं होतं. माणसांच्या बचावासाठी शिंपले तपासायची पद्धत तेव्हाही होती. पण त्या शिंपल्यांत विष जवळजवळ सापडलंच नाही. परत तेच. टेस्ट हिरवी, आणि किनाऱ्यावर प्रेतं. तोच समुद्र, तेच मासे, आणि आपणही तेच खातो. कुणीतरी त्या सी लायनना उचलून आणून तपासत होतं म्हणून कळलं.

हे उत्तर मला पटलं. पण प्रामाणिकपणे सांगतो, ती रविवारी जाते ते या कारणासाठी नव्हे. कुणीही विष शोधायचं म्हणून पहाटे उठून हौद धूत नाही. समोर एक पिल्लू आहे, त्याला श्वास घेता येत नाहीये, आणि आपल्या हातात नळी आहे, एवढंच ते असतं. उपयोगाचं कारण नंतर येतं, माझ्यासारख्याने लंचला विचारलं की द्यायला.

आणि उपयोगाचा हिशेब करायचाच तर हेही बघा. शिकाऱ्यांनी तेलासाठी एलिफंट सील इतके मारले की ते संपले असंच सगळ्यांनी धरलं होतं. १८९२ साली स्मिथसोनियनच्या मोहिमेला मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर जेमतेम आठ-नऊ दिसले. संग्रहालयासाठी त्यांनी त्यातले सात मारले. (हो. शेवटचे असतील म्हणून मारले.) आज आन्यो नुएवोला आपण जे बघतो ते सगळे त्या काळी कुठेतरी नजरेआड वाचलेल्या मूठभर जनावरांचे वंशज. तेव्हा एकेकाने फरक पडत नाही असं म्हणायला माझी जीभ आता जरा अडखळते.

तरी मनात एक गोष्ट राहतेच. समजा पिल्लू वाचलं. स्टेरॉइड झाली, जंत गेले, वजन वाढलं. मग त्याला पिंजऱ्यात घालून किनाऱ्यावर नेतात, दार उघडतात, आणि ते सरपटत पाण्यात जातं. लोक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. त्याच समुद्रात. त्या समुद्रात स्वच्छ मासा वेगळा आणि जंताचा मासा वेगळा असं काही नाही, आणि ते ओळखायला शिकवणारंही कुणी नाही. जे त्याला जगवणार तेच त्याला मारू शकतं, आणि ते खाल्ल्याशिवाय तर जगताच येत नाही.

हे मी आईला फोनवर सांगितलं. मला वाटलं ती हळहळेल. ती म्हणाली, "मग काय, खाऊ नको म्हणायचं का त्याला?"

भाच्याला मी एवढंच कळवलंय: हो, सीलला खोकला होतो, आणि औषध देतात, पण सावकाश. त्याचा नवा प्रश्न आलाय: "मग जंतांना कोण औषध देतं?" पुढचा शनिवार कशात जाणार ते कळलं.